बर्फावरची पिशवी

मोशीत माझा छोटा दवाखाना आहे. पेशंट संपले की मोबाइलवरच्या एका आरोग्याच्या ग्रुपवर मी लोकांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायचे. चाकणच्या कंपन्यांतले कामगार, त्यांच्या बायका, कुणीही विचारायचं. आभार क्वचितच यायचे. उलट एकाने लिहिलं, "बाई स्वतःची जाहिरात करतात." माझं डोकं फिरलं आणि मी ग्रुप सोडला. संकष्टीला चिंचवडला मोरयाच्या दर्शनाला गेले, तेव्हा त्यालाही चिडूनच सांगितलं, आता ही सेवा माझ्याकडून होणार नाही. खरं तर आपल्या लिहिण्याचा कुणाला काडीचा तरी उपयोग होतो का, ही शंका मला खात होती.

देवळातून बाहेर पडते तोच धाकट्या भावाच्या कंपनीतून फोन आला. प्रेस मशीनमध्ये त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं तुटली होती. माझ्यातली डॉक्टर कुठे पळाली कोण जाणे. हॉस्पिटल येईपर्यंत रिक्षात मी नुसतं मोरया, मोरया करत होते. सर्जन भेटले आणि म्हणाले, "बोटं फार व्यवस्थित आणली आहेत. जोडून बघतो."

आणली होती रफीकभाईंनी. ते त्याच कंपनीत फोर्कलिफ्ट चालवतात; मी त्यांना कधी पाहिलंही नव्हतं. त्यांच्या शर्टावर माझ्या भावाचं रक्त तसंच होतं. म्हणाले, "सगळे बोटं डायरेक्ट बर्फात टाकायला निघाले होते, ताई. मी ओरडलो, थांबा राव! आधी ओल्या, स्वच्छ कपड्यात गुंडाळा, पिशवीत घालून तोंड बांधा, मग ती पिशवी बर्फावर ठेवा. ग्रुपवर एका डॉक्टर मॅडमनी लिहिलं होतं. मी फोटो काढून ठेवलेला." त्यांनी फोन पुढे केला. खाली माझं नाव होतं. पूर्वी एक कामगार बर्फाच्या पाण्यात तरंगणारं बोट घेऊन आला होता; ते वाया गेलं, त्या तिरीमिरीत मी ते लिहिलं होतं. त्याखाली कुणाचेही आभार नव्हते, रफीकभाईंचेसुद्धा नव्हते.

मी तिथेच रडले. हात जोडले, तर ते संकोचून म्हणाले, "अहो, मी काय केलं? त्या मॅडमना दुवा द्या." त्या मॅडम मीच, हे सांगायचं राहूनच गेलं.

दोन्ही बोटं जोडली गेली. एक अजून नीट वाकत नाही, पण आहे. हे कसं जुळून आलं याचा कीस मी काढत नाही. दुसऱ्याच दिवशी ग्रुपमध्ये परत घ्या म्हणून विनंती केली; लाज वाटली, पण केली. आता लिहायचं तेवढं माझं काम. ते कुणाच्या हाती पडावं, ते मोरया बघेल. माझे आभार कुणी मानतं का, हे बघायला मी थांबत नाही. मोरयाचेच आभार अजून मानून व्हायचे आहेत.