बायको खालापूरला राहिली

माझी बायको खालापूरला राहिली, याला मी एकटा जबाबदार नाही.

निदान अर्धा दोष त्या सायकलीचा आहे. सायकल दोघांची होती. म्हणजे मालकी नव्हे, बैठक! एकाच सांगाड्यावर पुढे एक सीट, मागे एक सीट, दोन हँडलं आणि चार पायडलं. तिला टँडम म्हणतात. कर्जतजवळच्या कोंडाण्याला आमच्या सायकल क्लबातल्या एकाचं फार्महाऊस आहे. तिथे येणाऱ्या नव्या जोडप्यांना फोटो काढायला म्हणून त्याने ती ठेवली होती. आमच्या लग्नाला सव्वीस वर्षं झालेली, त्यामुळे आम्ही ती फोटोसाठी न मागता चालवायला मागितली. इथेच चुकलं.

मी नेरळला चष्म्याचं दुकान चालवतो. क्लबात जायला लागलो ते डॉक्टरांनी पोटाकडे बघून एक सुस्कारा सोडला म्हणून. यंदाच्या थंडीत क्लबाने मोठी राइड ठरवली : नेरळहून निघायचं, कर्जत, चौक, खालापूर, खोपोली, पळसदरी असा वळसा घालायचा आणि कोंडाण्याला पोचायचं. सत्तर-पंच्याहत्तर किलोमीटर! (नेरळहून कोंडाण्याला रिक्षाने पाऊण तासात जाता येतं, हे त्या दिवशी कुणालाही बोलायची परवानगी नव्हती.) आणि शेवटी फार्महाऊसवर पोपटी : मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी, मडकं उपडं घालून वर जाळ. शेंगा खाता खाता प्रत्येकाने उठून आपला राइडचा अनुभव सांगायचा, असा आमचे कॅप्टन पवार सरांचा हुकूम होता. पवार सर म्हणजे निवृत्त पीटी मास्तर. शाळा सुटली, शिट्टी सुटली नाही.

मी तर आठवडाभर आधीच अनुभव लिहून काढला होता. ‘सहजीवनाची दोन चाकं’ असं नावही दिलं होतं.

राइडच्या सकाळी नेरळला आम्ही चौदा जण जमलो. धुकं होतं, हातमोजे होते, उत्साह तर नुसता ओसंडत होता! जो तो दुसऱ्याच्या टायरची हवा दाबून बघत होता. आमच्या सुनंदाने बुद्धविहाराच्या महिला मंडळात सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, त्यामुळे तिला निरोप द्यायला सात बायका आल्या होत्या. मला निरोप द्यायला कुणी नव्हतं.

“अहो, मी पुढे बसू?” सुनंदाने विचारलं.

“तू मागे बस. पुढे बसायला बॅलन्स लागतो,” मी म्हणालो.

सात बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. सुनंदा माझ्याकडे बघत राहिली. ही बाई शाळेत असताना खालापूरजवळच्या आपल्या गावाहून रोज सायकलवर शाळेत जायची, तेही धाकट्या भावाला, राजूला, कॅरियरवर बसवून! आणि तो राजू, म्हणजे माझा मेव्हणा, क्लबाची जर्सी घालून तिथेच उभा होता.

“दाजी,” तो हळूच म्हणाला, “जरा चुकलं.”

सुनंदा एक शब्द न बोलता मागे बसली. तो शब्द ती कर्जतपर्यंत बोलली नाही. चौकपर्यंत बोलली नाही. पण सायकल काय पळत होती! गार वारा, दोन्ही बाजूंना वालाची शेतं, आणि मी सगळ्यांच्या पुढे! “सर, स्पीड जास्त होत नाही ना?” असं मी दोनदा मागे ओरडून विचारलं. पन्नाशीत माझ्या पायांत एवढी ताकद आहे, हे मलाच नवीन होतं.

“मागे बघू नका!” पवार सर ओरडले. “मान वळली की हँडल वळतं! टँडमवाल्याने मान वळवायची नाही, म्हणजे नाही!”

हे वाक्य लक्षात ठेवा. बाकीचा अर्धा दोष या वाक्याचा आहे.

खालापूरला चहाचा थांबा होता. केळी खाल्ली, पाणी भरलं, फोटो झाले, सामानाचा टेंपो पुढे गेला. मी पुढच्या सीटवर बसून तयार होतो. तेवढ्यात मागे काहीतरी टेकल्याचा धक्का बसला.

“बसलीस?” मी विचारलं. (मान न वळवता. शिस्त म्हणजे शिस्त!)

“हो हो, चला चला!” मागून आवाज आला. तो एका बाईने दुसऱ्या बाईला दिलेला होता, हे मला फार उशिरा कळलं. पवार सरांची शिट्टी झाली आणि मी पायडल मारलं.

सायकल एकदम जड झाली.

मी काय ते ओळखलं. बाईसाहेबांनी पायडल मारणं बंद केलं होतं! राग आता पायांत उतरला होता. टँडमची मजा अशी, की एकाने मारलं तरी दोघांची पायडलं फिरतात, त्यामुळे मागचा माणूस खरंच जोर लावतोय की नुसते पाय ठेवून बसलाय, ते पुढच्याला दिसत नाही.

“सुनंदा, थोडा जोर लाव ना गं,” मी म्हणालो.

उत्तर नाही.

“बॅलन्सचं बोललो, त्याचा राग ना? बरं, सॉरी.”

सायकल तशीच जड. म्हणजे राग बॅलन्सचा नव्हता! मग कशाचा? मी घाबरलो. लग्नाला सव्वीस वर्षं झालेल्या माणसाला हा प्रश्न पडला, की एकच नाही, पुष्कळ उत्तरं डोळ्यांसमोर येतात. मी सर्वांत जुन्यापासून सुरुवात केली.

“तुझ्या आईने दिलेली लोणच्याची बरणी मांजराने नाही फोडली. मी फोडली.”

आणि काय सांगू! सायकल थोडी हलकी झाली! (तिथे रस्त्याला जरासा उतार आहे. मला वाटलं, बायको विरघळली.)

मला हुरूप आला. “आणि तू विणलेला तो स्वेटर लाँड्रीत हरवला नाही. मला पोटावर बसत नव्हता, मी फार्महाऊसच्या वॉचमनला दिला. त्याला तो छान दिसतो.”

मागे कुणीतरी खोकलं. राजू माझ्या मागेच होता, आणि त्याच्या मागे सगळा क्लब. पण मला वाटलं, वाऱ्यात त्यांना काय ऐकू जातंय!

चढ लागला. सायकल पुन्हा जड. मी धापा टाकत पुढची कबुली काढली. “महिला मंडळात तुझं गाणं झालं, त्याचा व्हिडिओ फोनमधून उडाला नाही. मी काढलाच नव्हता. बटण दाबायलाच विसरलो.”

जडच.

“तुझ्या आईचा फोन आला की रेंज जाते, ती जात नाही!”

मागे पुन्हा जोरात खोकला. आता मला दम राहिला नव्हता. पाय भरून आले होते, घाम डोळ्यांत जात होता, आणि मागे माझी बायको दगडासारखी गप्प! मला खरंच वाईट वाटायला लागलं. मी ओरडलोच, “अगं, तूच पुढे बसायला हवी होतीस! तुला माझ्यापेक्षा चांगली चालवता येते, हे मला माहीत आहे. लोकांना ते दिसू नये, म्हणून तुला मागे बसवलं! झालं? आता तरी मार पायडल!”

खोपोली आली. मी पाय टेकला. मागोमाग सगळे थांबले. कुणी पाणी पीत नव्हतं. सगळे माझ्याकडे, शोकसभेला आल्यासारखे बघत होते.

“दाजी, पाणी प्या आधी,” राजू म्हणाला.

“आधी ताईला दे.”

“कोणाला?”

मी मान वळवली. मागच्या सीटवर, दोन्ही बंद सीटला नीट अडकवून, ऐटीत बसली होती केळ्यांची पिशवी.

(मी चष्मेवाला आहे हे वर सांगून बसलो, नाहीतर ते आता लपवलं असतं.)

मी सुनंदाला फोन लावला. पिशवी वाजायला लागली! एक क्षण मला आनंद झाला, की आहे की ही इथेच! मग पिशवीत हात घातला आणि केळ्यांखालून तिचा फोन निघाला.

“राजू! तू बोलला का नाहीस?”

“मला वाटलं ताई सामानाच्या टेंपोत बसून पुढे गेली. तुमच्यावर चिडलेली होतीच. मग तुम्ही बोलायला लागलात, म्हटलं कानात फोन असेल. बरणीपर्यंत मला तसंच वाटत होतं.”

“आणि बरणीनंतर?”

“बरणीनंतर हाक मारणारच होतो. पण मग स्वेटर निघाला.” त्याने जरा घसा साफ केला. “आणि आईचा विषय निघाल्यावर मी माणूस म्हणून तुम्हाला थांबवू शकलो नाही, दाजी.”

हसू कुणालाच आवरत नव्हतं. मला मात्र घाम फुटला होता. टेंपोवाल्याला फोन लावला, तर तो पळसदरीला पोचलेला आणि टेंपोत सुनंदा नाही! म्हणजे बायको हायवेवर, एकटी, फोनशिवाय. मी कुणाचं न ऐकता ती लांबलचक सायकल उलटी वळवली (वळवताना एका हातगाडीवाल्याला प्रदक्षिणा घातली) आणि खालापूरकडे सुटलो. माझ्या आयुष्यात मी इतक्या जोरात कधी सायकल चालवलेली नाही. वाटेत जी बाई दिसेल तिच्याकडे निरखून बघत होतो. दोघींनी पदर सावरला. एकीने दगड शोधला.

खालापूरच्या चहाच्या टपरीवर एक ठसठशीत बाई गाळणं झटकत उभी होती.

“ताई, इथे एक बाई राहिली का? निळा टीशर्ट, हेल्मेट…”

“सुनंदा ना? अवो, ती माजी शाळेतली मैत्रीण हाय! मी मंदा. सीटला पिशवी अडकवून पानी भराया आली न् मला वळखलं तिनं. आमी दोन शब्द बोलतोय तवर तुमी पसार!”

“घाबरली का हो ती?”

“ती कशाला घाबरतेय? पोट धरून हसली. मंग माज्या सुनंची सायकल घेतली न् तुमाला गाठाया गेली. गावातल्या आतल्या रस्त्यानं. लय जोरात!” मंदाताईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “भावजी, ती तिकडं गेली. तुमी हिकडं काय करताय?”

त्यांनी मला अर्धा कप चहा पाजला आणि पुन्हा खोपोलीच्या दिशेला तोंड करून दिलं.

खोपोलीला पोचलो, तर क्लब गायब. एकटा राजू कठड्यावर बसून शेंगदाणे खात होता.

“ताई आली?”

“आली. साधी लेडीज सायकल, पुढे बास्केट, तरी काय सुटली होती दाजी! तुम्हाला शोधायला परत वळणार होती. सरांनी थांबवलं. म्हणाले, तुम्ही दोघं दिवसभर एकमेकांना असेच क्रॉस करत राहाल. मग सगळ्यांना घेऊन पुढे गेली. आत्ता लीडला तीच आहे.”

“माझ्यासाठी काही म्हणाली?”

“सावकाश या म्हणाली.”

“आणि… तिला कुणी काही सांगितलं नाही ना?”

राजूने शेंगदाण्याची पुडी माझ्यापुढे केली. “खा दाजी. ताकद लागेल.”

पळसदरीपर्यंत तो माझ्या बाजूने चालवत होता आणि मी दोन सीटांची सायकल एकट्याने ओढत होतो. तेव्हा कुठे मला नेरळ ते खालापूर या प्रवासातल्या माझ्या पायांच्या ताकदीचं रहस्य कळलं. ती ताकद माझ्या मागे बसली होती! रस्त्यात भेटणारा प्रत्येक जण विचारायचा, “दुसरा कुठाय?” शेवटी शेवटी राजूच उत्तर द्यायला लागला, “दुसरी पुढे गेली, हा पहिला आहे.”

आम्ही कोंडाण्याला पोचलो, तेव्हा ऊन कललं होतं आणि मडक्यावरच्या पेंढ्याचा जाळ विझत आला होता. भांबुर्ड्याचा तो वास, वाफाळत्या शेंगा, आणि अंगणात गोल बसलेला क्लब! मधोमध सुनंदा. लाल झालेला चेहरा, विस्कटलेले केस, डोळ्यांत अशी चमक, की मी दारातच थांबलो. तिने मला पाहिलं आणि बाजूला सरकून जागा केली. मी शेंगा सोलायला घेतल्या. मान खाली ठेवून.

पवार सरांनी शिट्टी मारली. अनुभवकथन सुरू झालं.

पहिला उठला. “या राइडमधून मी शिकलो, की व्हिडिओ काढताना बटण दाबलंय का ते बघावं.” टाळ्या! दुसरी म्हणाली, “मी यापुढे नवऱ्याचं माप घेतल्याशिवाय स्वेटर विणणार नाही.” तिसरा म्हणाला, “मी आज घरी जाऊन बायकोला सगळं आधीच सांगून टाकणार आहे, चढावर सांगणं परवडत नाही.” फार्महाऊसचा वॉचमन लाकडं घेऊन आला, तो नेमका त्याच स्वेटरमध्ये! त्याला उभं राहून टाळ्या मिळाल्या. का, ते बिचाऱ्याला अजून माहीत नाही.

मग सुनंदा उठली.

“बरणीचं मला त्याच दिवशी कळलं होतं,” ती म्हणाली. “मांजर फडक्याने लादी पुसत नाही. स्वेटर मी वॉचमनच्या अंगावर दोन वर्षं बघते आहे. व्हिडिओ नव्हता, हेही माहीत होतं. रेंजचं तर आईलाही माहीत आहे.” ती माझ्याकडे वळली. “पण अहो, खोपोलीजवळ तुम्ही शेवटी काहीतरी म्हणालात म्हणे. ते मला माहीत नव्हतं. मी नव्हते ना तिथे. परत सांगा.”

बारा माणसं शेंगा खायची थांबली. माझा लिहून आणलेला अनुभव खिशात घामाने भिजला होता. मी उभा राहिलो.

“तू माझ्यापेक्षा चांगली सायकल चालवतेस,” मी म्हणालो. “आणि ते मला माहीत होतं.”

“ऐकू नाही आलं!” मागून राजू ओरडला.

मी पुन्हा सांगितलं. मोठ्याने. सुनंदा खाली बसली आणि तिने कोंबडीचा चांगला तुकडा निवडून माझ्या पानात टाकला. सव्वीस वर्षांत इतक्या स्वस्तात मी कधी सुटलो नव्हतो.

आता राइड असली, की ती पुढे बसते आणि मी मागे. क्लबात सगळ्यात पुढे आम्हीच असतो. फक्त प्रत्येक थांब्यावर शिट्टी मारायच्या आधी पवार सर न चुकता विचारतात, “सुनंदाताई, सामान घेतलंत ना?” आणि मी मागून हात वर करतो.