पुराव्याची बाटली

चहा घ्या आधी, आणि हसायचं असेल तर कप खाली ठेवून हसा. माझी फजिती मी स्वतः सांगतोय म्हणजे ती खरीच असणार, कारण माझ्यासारख्या माणसाला स्वतःबद्दल वाईट बोलण्याची अजिबात सवय नाही.

मी निवृत्त आरोग्य सेवक. सगळी नोकरी हातात बॅटरी घेऊन लोकांच्या पाण्याच्या टाक्यांत डोकावण्यात गेली. शिरपूरकडचे डोंगरातले पाडे पायी फिरलोय मी! हिवताप कुठला, डेंग्यू कुठला, हे मी दारात उभा राहून रोग्याच्या कण्हण्यावरून सांगायचो. हसू नका, खरंच सांगायचो. बरोबर किती निघायचं ते विचारू नका.

निवृत्तीनंतर शिंदखेड्याच्या बाजूला गावी आलो. इथं नळाला पाणी येतं चार दिवसांनी, म्हणून घरोघरी टाक्या, पिंपं, हौद. आणि डेंग्यूच्या डासाला काय लागतं? साठवलेलं स्वच्छ पाणी! गटारातल्या घाणीकडे तो ढुंकून बघत नाही. चावतोही दिवसा, राजरोस. मी गल्लीला हे इतक्यांदा ऐकवलं होतं की मी दिसलो की लोक दुसऱ्या गल्लीनं जायचे.

पण मी काही नुसता बोलघेवडा नाही. मागच्या अंगणातल्या हौदात मी गप्पी मासे वाढवले. हे मासे डासांच्या अळ्या खातात, माहीत आहे ना? पावसाळ्यात एके दिवशी बरणीत भरून घरोघरी वाटले. लोकांनी मला हार घातला. त्या हाराचा फोटो मी धुळ्याच्या व्याह्यांपासून रावेरच्या साडूपर्यंत सगळ्यांना पाठवला. साडूनं उत्तरादाखल केळीच्या घडाचा फोटो पाठवला. जळका माणूस!

महिना गेला, आणि समोरच्या सोनाअक्काची सून कविता तापानं फणफणली. डोळ्यांच्या मागे ठणका, सांधे धरलेले, अंगावर लाल पुरळ. मी उंबऱ्यातूनच सांगितलं, "डेंग्यू. तपासणी करा." या वेळी मात्र माझं बरोबर निघालं. पेशी उतरल्या आणि कविताला धुळ्याला दाखल करावं लागलं. पाठोपाठ शेजारचा सलीमभाई गॅरेजवाला आडवा झाला.

माझ्या गल्लीत डेंग्यू? मी हयात असताना?

बॅटरी काढली. तरातरा अक्काच्या घरी गेलो. पहिला रोगी जिथला, उगम तिथला! मागोमाग अर्धी गल्ली. अक्काच्या वापराच्या टाकीवरचं झाकण सरकवलं, बॅटरी मारली, आणि पाण्यात बारीक बारीक काहीतरी वळवळताना दिसलं.

"अळ्या!" मी ओरडलो. चष्मा? चष्मा घरी होता. इतक्या वर्षांच्या अनुभवाला चष्मा कशाला?

अक्का सुनेच्या काळजीनं अर्धी झालेली. हळूच म्हणाली, "नाना, टाकीमां काही वंगाळ नही शे. त्या तं तुम्हनाच..."

"अक्का, माझ्यावर ढकलू नका!"

"मी काय सांगस, ऐका तं..."

"ऐकायचं काय? दिसतंय ना सगळ्यांना! तुमच्या या टाकीनं सुनेला दवाखान्यात धाडलं!"

हे वाक्य मी बोललो. भर गल्लीत, सत्तरीच्या बाईला. आज आठवलं की जीभ चावावीशी वाटते, पण तेव्हा छाती फुगली होती.

मी वाडग्यात नमुना घेतला, काचेच्या बाटलीत ओतला आणि टाकीच्या बुडाचा बोळा ओढला. सगळं पाणी धो धो करत मागच्या गटारात.

"चार दिन मी काय करू, नाना?" एवढंच ती म्हणाली.

आता मी थांबेन असं वाटतं ना तुम्हाला? छे! मी ती बाटली आमच्या ओट्यावर मांडली. तोंडाला मलमलचं फडकं, वर रबर. खाली चिठ्ठी : 'सोनाअक्का यांच्या टाकीतील अळ्या.' आणि जाहीर केलं, "रविवारी सकाळी या. यातून डास निघालेले दाखवतो. अळीचा कोष, कोषाचा डास, सगळं डोळ्यांदेखत!"

शेजारपाजारचे येता-जाता बाटलीकडे बघायचे आणि अक्काच्या दाराकडे बघायचे. तिच्या दारात कोणी जाईना. आमच्या सौ. त्या दिवसांत माझ्याशी फार बोलत नव्हत्या. मला वाटलं, नवऱ्याचं कर्तृत्व बघून भारावल्या असतील.

रविवार उजाडला. ओट्यासमोर ही गर्दी! ताप उतरलेला सलीमभाईसुद्धा चादर गुंडाळून आला. "नाना, किती वाजता उडणार?"

"दम धरा. निसर्ग आहे तो!"

एवढ्यात आमच्या गावची आशा सेविका मनीषा आली. ही पोरगी मी तयार केलेली बरं का! अळी कशी ओळखायची, हे तिला मीच शिकवलं. तिनं बाटली उचलली, उन्हात धरली आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

"नाना, यांना शेपटी आहे."

"अळीला असतेच शेपटी."

"नाना, डोळे आहेत."

"डासाला डोळे नसतात का?"

"नाना... कल्ले आहेत."

सौ.नी आतून चष्मा आणून माझ्या नाकावर ठेवला. बाटलीत सात-आठ मासे. चार दिवसांत चांगले अंगानं भरलेले, माझ्याकडे बघून तोंड उघडझाप करत होते.

"हे गप्पी मासे आहेत," मनीषा म्हणाली. "पिल्लं. अक्का, तुमच्या टाकीत मासे होते?"

"व्हतात ना! नानानीच दिनथात," अक्का म्हणाली. "तेच तं सांगी राह्यनथू मी."

मी सौ.कडे वळलो. "पण बाटलीत हे इतके दिवस जगले कसे?"

"मी रोज चिमूटभर पीठ टाकत होते."

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"पहिल्याच दिवशी."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलू देता का कोणाला?"

सलीमभाई इतका हसला की त्याला ठसका लागला.

मी सावरायला गेलो. "असो! मग उगम कुठला तो शोधू." मनीषानं शांतपणे विचारलं, "नाना, तुमचा हौद बघू?"

मी हसलो. माशांच्या आजोळालाच बॅटरी दाखवणार! ऐटीत पुढे झालो, दार उघडलं, आणि चष्म्यासकट हौदात वाकलो.

हौद नुसता वळवळत होता. या खऱ्या अळ्या. डोकं खाली, शेपटी वर, हजारोंनी.

"मासे कुठायत, नाना?"

मासे? मासे गल्लीत होते. हाराच्या नादात मी बरणीवर बरणी भरून शेवटचा मासासुद्धा वाटून टाकला होता, आणि 'आपल्या हौदात मासे आहेत' या भरवशावर महिनाभर तिकडे फिरकलोच नव्हतो. सगळ्या गल्लीला डास पुरवत होतो मी, आणि पाणी ओतलं अक्काचं.

कविता तिकडे दवाखान्यात होती, ती माझ्या हौदामुळे. मी सगळ्यांसमोर अक्काच्या पाया पडलो. मग नळाची वाट न बघता पुढच्या गल्लीतल्या हापशावरून हंडे वाहून तिची टाकी भरली. या वयात! कंबर अजून धरते, पण तक्रार नाही.

कविता आठवड्यानं सुखरूप घरी आली. त्याच संध्याकाळी अक्का ओट्यावरची ती बाटली घेऊन अंगणात आली आणि घासूनपुसून भरलेल्या माझ्या हौदात तिनं ते मासे सोडले.

"नाना, आते हाई वाटू नका. पहिले सोताना घरमां ऱ्हाऊ द्या."

आता दर शनिवारी गल्लीत कोरडा दिवस असतो, म्हणजे टाक्या-पिंपं रिकामी करून सुकवायची. मनीषा खडू घेऊन येते, घर तपासते, दारावर खूण करते. आणि तपासणीची सुरुवात करते कुठून? माझ्या घरापासून! पाहुण्यांनी विचारलं की मी ताठ मानेनं सांगतो, गल्लीत पहिला मान आमचा आहे.

तो का आहे, हे मी आत चहाचं सांगायला गेलो की आमच्या सौ. सांगतात.