चार कॉलमची सुटका

जेलरकाका पेपर वाचायला बसत ते लाल पेन घेऊनच, आणि त्या पेनाच्या तावडीत रोज मीच सापडे. मी अकोल्यातल्या एका छोट्या दैनिकात गुन्ह्यांच्या बातम्या लिहायची, आणि काका राहायचे आमच्याच गल्लीत. त्यांनी जन्मभर कारागृहात शिपायाची नोकरी केलेली, पण गल्लीनं त्यांना परस्पर जेलर करून टाकलं होतं. जगाच्या चुका काढणाऱ्या काकांनी ही एक चूक मात्र कधीच दुरुस्त केली नाही.

मी ‘चोरटा जेरबंद’ लिहिलं की सकाळी साडेसातला काका दारात हजर. “पोरी, थो चोरटा आहे हे कोनं सांगतलं तुले? कच्चा कैदी आहे थो. कोर्टाचं काम तू काहून करून राहिली?” खटला चालू असतो तो कच्चा, शिक्षा लागली तो पक्का. हे इतक्यांदा ऐकलं की बाजारात आंबे निवडतानाही मी दचकायची.

दुसरा नाद तुरुंगांच्या इतिहासाचा. इंग्रजांनी भिंती कशा बांधल्या, कैदी चक्की कशी ओढत, सतरंज्या कशा विणत. लग्नाच्या पंगतीत त्यांच्या शेजारी बसलेला माणूस जिलबी टाकून उठे.

मग तेल्हाऱ्याच्या एका तरुण टेलरचं प्रकरण झालं. मोटरसायकल चोरीच्या संशयावरून त्याला धरलं आणि मी चार कॉलम ठोकले, ‘सराईत चोरटा गजाआड’. दीड वर्षानं कोर्टानं त्याला निर्दोष सोडलं. पण माझं कात्रण गावभर मोबाइलवर फिरलेलं. त्याच्याकडे कोणी साधा ब्लाउज शिवायला टाकेना, ठरलेली सोयरीक मोडली.

“सुटल्याची बातमी दे,” काका म्हणाले. “तितकीच मोठी, त्याच जागी.”

“सुटलेल्या माणसाची कुठं बातमी असते का?” आमचे संपादक हसले.

दुसऱ्या दिवशी काका डबा घेऊन संपादकांच्या केबिनमध्ये बसले आणि त्यांनी इतिहास सुरू केला. पहिला दिवस दगड-चुन्यात गेला, दुसरा बेड्यांच्या प्रकारांत. तिसऱ्या दिवशी दुपारी संपादकांनी हळूच विचारलं, “काका, इंग्रज जातात कधी?”

“आजून पन्नास वर्सं आहेत, साहेब. घाई आहे काय तुमाले?”

संपादक बाहेर आले, घाम पुसला आणि मला म्हणाले, “लाव बाई. चार कॉलम लाव.”

लावली. आपलीच बातमी चुकली होती हे स्वतःच्या हातानं लिहिताना लाज वाटली, खोटं कशाला सांगू.

काका गेल्या उन्हाळ्यात गेले. माझ्या डोळ्यांपुढे येतात ते टेलर पेढे घेऊन आला त्या दिवशीचे काका. मोडलेली सोयरीक पुन्हा जुळली होती. तो पाया पडून गेला तरी काका पेढा हातात धरून तसेच बसले होते.

“नोकरीत म्या कितीक लोकाइले दार उघडून देल्लं,” ते म्हणाले. “मले वाटे, सुटले. पन घरी पोचलेला मानूस म्या हा पयलाच पायला.”