तेरच्या बाईला भेटायला नेपल्सपर्यंत

आल्मेरेला, माझ्या इथल्या डच गावी, आल्यापासून बाबांनी एकच गोष्ट मागितली. ट्युलिप नकोत म्हणाले. पवनचक्क्या गाडीतून दिसल्या तेवढ्या पुरे म्हणाले. "नेपल्स इथून किती लांब?" असं मात्र विचारलं, आणि तेही माझ्या सायकलमध्ये हवा भरताना, माझ्याकडे न बघता.

बाबा धाराशिवला शाळेत इतिहास शिकवायचे. तिथून जवळ तेर नावाचं गाव आहे. दोन हजार वर्षांपूर्वी तेरचा माल गाड्यांवर लादून बंदरापर्यंत जायचा आणि पुढे जहाजांनी रोमन लोकांकडे. पाँपेईच्या राखेखाली वीतभर उंचीची एक हस्तिदंती बाई सापडली, आपल्याकडून गेलेली; आता ती जवळच नेपल्सच्या संग्रहालयात असते. तशीच एक तेरलाही सापडली. तेरची बाई बाबांनी कित्येक वर्गांना नेऊन दाखवली. नेपल्सची त्यांनी फक्त पुस्तकात पाहिली होती, शाई सांडल्यासारख्या एका फोटोत. "या दोघी एकाच कारागिराच्या हातच्या," असं ते दरवर्षी फळ्यासमोर उभं राहून सांगत. निवृत्त होऊन पुण्याला राहायला येईपर्यंत सांगितलं. आता डोळ्यांनी खात्री करायची होती.

आईला जहाज हवं होतं. तिची मैत्रीण सिंगापूरहून जहाजाने कुठेतरी गेली होती आणि त्याचे फोटो अजून संपले नव्हते. मी दोन्ही इच्छा एका तिकिटात बसवल्या. प्राचीन बंदरांची आलिशान सफर: अथेन्सचं पिरेयस, क्रीट, सिराक्यूज, नेपल्स, आणि रोमजवळ उतरायचं. समीरला, म्हणजे नवऱ्याला, रजा नव्हती. नाही म्हणताना त्याच्या चेहऱ्यावर दुःख शोधावं लागलं.

जाणाऱ्यांसाठी एक सूचना. आईवडिलांचा शेंगेन व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल तर तुर्कस्तान किंवा इजिप्तला थांबणारी जहाजं घेऊ नका. बाहेर पडाल, परत आत यायचे वांधे होतील. आमच्या मार्गावरची सगळी बंदरं शेंगेनमधली होती, ती बघूनच घेतली. दुसरी सूचना केबिनची. आतली केबिन पुष्कळ स्वस्त पडते. तिला खिडकी नसते.

"समुद्रावर जायचं आणि समुद्र दिसणार नाही?" आईने पिरेयसला केबिनचं दार उघडून विचारलं.

मी टीव्ही लावला. एका वाहिनीवर जहाजाच्या नाकावरच्या कॅमेऱ्यातून समुद्र दिसत होता.

"हा तर पुण्याहूनही दिसला असता," आई म्हणाली.

जेवणाच्या टेबलावर आमच्याबरोबर एक डच जोडपं होतं. वीम आणि रिया, झ्वोलच्या बाजूचे, दोघंही निवृत्त. हे लोक आलिशान जहाजावर स्वतःचं पीनट बटर घेऊन आले होते. आईने पर्समधून शेंगदाण्याची चटणी काढली. दोघींनी एकमेकींचे डबे पाहिले. रियाने चटणी पावावर पसरून खाल्ली, पाणी प्यायली, डोळे पुसले आणि पुन्हा डबा पुढे केला. त्यानंतर त्यांना दुभाषी लागला नाही.

क्रीटला क्नोसोसचा राजवाडा बघायचा असेल तर जहाजाची सहल घेऊ नका. बंदराजवळून गावातली बस जाते, निम्म्याहून कमी पैशांत, आणि सकाळी लवकर गेलात तर सावलीही मिळते. आम्ही पाचही जण बसने गेलो. दुपारी बाबा साडेतीन हजार वर्षं जुन्या गटाराचं कौतुक करत असताना रियाने पिशवीतून न्याहारीच्या बुफेतून बांधून आणलेले चीजचे पाव काढले. आईने त्याच क्षणी, त्याच बुफेतून बांधून आणलेले पाव काढले.

"बघ," आई मला म्हणाली. "संस्कार असले की कुठेही दिसतात."

सिराक्यूजला देवळाचंच चर्च केलं आहे. भिंतीत मूळचे ग्रीक खांब तसेच उभे आहेत, मध्ये नुसता दगड भरला आहे. गावातल्या सगळ्या पाट्या चुकल्या तरी ते सापडतं. न्याहारीला लोक पावाबरोबर बर्फाचा गोळा खातात, बदामाचा घ्या. बाबांनी खांबांना हात लावला, बर्फाला लावला नाही. त्यांचं लक्ष पुढच्या बंदराकडे होतं. संध्याकाळी डेकवर त्यांनी खिशातून भिंग काढून रुमालाने पुसलं आणि परत ठेवलं.

"उद्या साडी नेसते," आई म्हणाली. "लक्ष्मीचं दर्शन आहे."

"ती लक्ष्मी नाही. सापडली तेव्हा लोकांनी नाव दिलं. यक्षी असावी."

"दागिने आहेत?"

"भरपूर."

"कमळ?"

"नाही."

"असेल. तुम्हाला दिसलं नसेल, फोटो काळा होता."

नेपल्सला जहाज अगदी गावात लागतं. बंदरासमोरून मेट्रो घ्या, तिसरं स्टेशन संग्रहालयाचंच आहे. मंगळवारी ते बंद असतं. आपलं जहाज कोणत्या वारी लागतं ते तिकीट काढण्याआधी बघा. वीम आणि रिया बसने पाँपेईला गेले. आई काठाची हिरवी साडी आणि पांढरे बूट घालून, पर्समध्ये कुंकवाची डबी आणि ओटीसाठी खण घेऊन आमच्याबरोबर आली. जहाजावर तिने नारळ मागितला होता. तो सोलून, भोक पाडून, नळी आणि कागदी छत्रीसह मिळाला. तो तिने पिऊन टाकला.

तिकीट खिडकीवर मी बाबांच्या पुस्तकातला फोटो दाखवला. खिडकीतल्या बाई हसल्या, बोटाने वर जायला सांगितलं आणि आमच्या तिघांकडे पुन्हा एकदा पाहिलं. त्या का हसल्या ते नंतर कळलं.

मोझेइकची दालनं ओलांडली की एक लोखंडी फाटक लागतं. ते उघडं होतं. बाबा पुढे होते. ते आत गेले आणि गेले तसे बाहेर आले.

"काय झालं?"

"काही नाही. चला."

"कुठे?"

"जहाजावर."

मी डोकावले. पाँपेईच्या लोकांनी घरांत, दुकानांत, रस्त्यांवर जे उघड्यावर लावलं होतं, ते नंतरच्या सभ्य माणसांनी गोळा करून या एका जागी बंद केलं होतं. पुरुषाच्या शरीराचा एकच भाग. दगडात, ब्राँझमध्ये, भाजलेल्या मातीत. पंख लावलेला. घंटा बांधलेला. भिंतींवर जोडप्यांची चित्रं होती आणि ती अजिबात पुसट झाली नव्हती. आमच्या बाईच्या अंगावर दागिन्यांशिवाय फारसं काही नसल्यामुळे तिचीही रवानगी इथेच झाली होती. पलीकडच्या एका काचेत ती दिसत होती. बाबा आणि ती यांच्यामध्ये हे सगळं होतं.

"तुम्ही दोघी खाली जा," बाबा म्हणाले. "पुतळे बघा."

"पुतळ्यांनी तरी कुठे कपडे घातलेत?" आई म्हणाली.

"अगं, मुलगी बरोबर आहे."

मुलगी चाळिशीची आहे. मुलीने सांगितलं की ती खाली कॅफेत बसेल.

"त्याने काय होणार? मी कुठे आहे ते तुला माहीत असणारच."

बाबा फाटकाकडे पाठ करून उभे राहिले, हात मागे बांधून, शाळेच्या मैदानावर उभे राहायचे तसे. भिंग त्यांच्या मुठीत होतं. जहाज दुपारी सुटणार होतं. इतकी वर्षं ते ज्या बाईबद्दल बोलले ती पाठीमागे वीस पावलांवर होती, आणि ते वळायला तयार नव्हते.

आईने मात्र दालनावरून शांतपणे नजर फिरवली, मंडईत पहिली फेरी मारावी तशी.

"एवढं काय त्यात? आपल्या देवळांवर नसतं का?"

"देवळांवर वर असतं. मान वर केली नाही की झालं."

"मग इथे मान खाली घाला."

"खालीसुद्धा आहे," बाबा म्हणाले.

"मग डोळे मिटा."

आणि तिने त्यांचा हात धरला. पदर खांद्यावरून घेऊन कमरेला खोचला. बाबांनी डोळे घट्ट मिटले. मी फाटकाजवळच थांबले. तिथून सगळं दिसत होतं.

"सरळ या. आता डावीकडे. पायरी नाही. हळू, काचेला लागाल."

"काचेत काय आहे?"

"विचारू नका."

आत एक रखवालदार बाई खुर्चीवर बसल्या होत्या. त्या उठल्या. एका अंध माणसाला त्याची बायको हाताला धरून आणते आहे, हे त्यांनी पाहिलं. त्यांनी लगबगीने एका जर्मन कुटुंबाला बाजूला केलं आणि वाट करून दिली. जर्मन लोक आदराने भिंतीला चिकटले. तिथे त्यांच्या डोक्यामागे काय होतं ते मी लिहीत नाही.

"आलो," आई म्हणाली. "उघडा. समोरच बघा."

बाबांनी डोळे उघडले. चष्मा वर केला, भिंग लावलं आणि काचेवर वाकून बाईचे पैंजण तपासायला लागले.

रखवालदार बाईंनी छातीवर क्रॉसची खूण केली.

"बघ," आई मला लांबूनच म्हणाली, "यांच्यातही हात जोडतात." मग तिनेही हात जोडले.

बाबा पुष्कळ वेळ वाकून होते. या बाजूने, त्या बाजूने. शेजारच्या दोन चिमुकल्या दासी, कोपरापर्यंत बांगड्या, केसांचा पेड. मग ते सरळ झाले.

"नाही," ते म्हणाले.

"काय नाही?"

"एका हातच्या नाहीत. कान वेगळे काढलेत. बोटं वेगळी. हा कारागीर दुसरा."

"म्हणजे पोरांना चुकीचं शिकवलंत?"

"हो."

त्यांचा चेहरा पडेल अशी माझी कल्पना होती. पण ते परत वाकले, आता जास्तच उत्साहाने. "म्हणजे दोन कारागीर होते," ते काचेला म्हणाले. "किमान दोन."

आई त्या बाईकडे बघत होती.

"इतक्या लांब कशाला पाठवली हिला?"

"पाठवली नाही. विकली."

"तिला काय फरक?" आई म्हणाली. मग तिने माझ्याकडे पाहिलं आणि विषय बदलला. "कुंकू कुठे लावू? काच आहे."

काचेला लावू दिलं नाही. रखवालदार बाईंनी तिचा हात हलकेच धरला, मान हलवली आणि भरपाई म्हणून खुणेने फोटो काढू का विचारलं. मी आत जाऊन फोन दिला. त्यांनी अगदी मनापासून काढला: आई, बाबा, मध्ये बाई, आणि पूर्ण दालन.

जहाज सुटायच्या जरा आधी वीम आणि रिया पाँपेईहून लालबुंद होऊन परत आले. देवीची ओटी सवाष्णीलाच जायची म्हणून आईने ती रियाची भरली: खण, तांदूळ आणि बुफेतला एक पीच. रियाने खण उलटसुलट करून पाहिला आणि चटणीच्या डब्याला गुंडाळला.

रोमहून विमानाने स्किपोलला आलो. मग आल्मेरेची ट्रेन. ढग, पाऊस, स्वच्छ प्लॅटफॉर्म. समीरने वरणभाताचा कुकर लावून ठेवला होता, आणि तो आमच्या येण्याने खरोखर खूश दिसत होता. खर्च करण्यासारखं आहे का, असं विचाराल, तर आहे. जेवण उत्तम, झोप उत्तम, बंदरं घाईघाईत होतात. समुद्राची आठवण फारशी नाही. आठवण आहे ती आईच्या आवाजाची. पायरी नाही, हळू.

बाबांना चैन नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी जुन्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर निवेदन टाकलं. "तेर व नेपल्स येथील मूर्ती एकाच हातच्या, असे मी शिकवले. प्रत्यक्ष पाहिल्यावर ते चूक आढळले. सुधारून घ्यावे." अंगठे आले, जोडलेले हात आले, गुलाबाची फुलं आली. आता तहसीलदार असलेल्या एकाने विचारलं, "सर, हे परीक्षेला आहे का?" मग एका मुलीचा निरोप आला. ती स्वतः आता तेरजवळच्या शाळेत शिकवते. "सर, तुमचा मूर्तीबरोबरचा फोटो पाठवा ना. वर्गात लावते."

बाबांनी माझा फोन मागून घेतला. फोटो मोठा केला, लहान केला. डावीकडून कापून पाहिला, तर आई गेली. उजवीकडून कापला, तर ते स्वतः गेले. दोघंही ठेवले, तर मागे घंटा बांधलेला तो राहिलाच.

"दे पाठवून," आई म्हणाली. "काय होतंय?"

बाबांनी चष्मा सारखा केला आणि सावकाश, एका बोटाने लिहिलं: "तिथे फोटो काढू देत नाहीत."

वाचकांसाठी: काढू देतात. फ्लॅश तेवढा नको.