मंदाताईच्या हातचा लिप बाम

चार बायका मिळून काही करायला बसल्या की वस्तू कमी बनते आणि किस्से जास्त! आमच्या लिप बामचं तसंच झालं. डब्या संपतात, वाटल्या जातात, कुणाच्या तरी पर्समध्ये हरवतात. किस्से मात्र दर थंडीत वाढतात. ते सांगून हसायचं हक्काचं माणूस म्हणजे आमच्या अमरावतीच्या गल्लीतली, अगदी माझ्या समोरच्या घरातली मंदाताई. पण तिच्या दाराला आता कुलूप आहे. तिचे यजमान, आमचे भाऊजी, वारले आणि मुलानं, नितीननं, तिला पुण्याला नेलं. आता तो घर विकायचं म्हणतोय. घर गेलं की मंदाताई गेली, हे आम्हाला कळतं. तिची फार आठवण येते हो!

*

सुरुवात रेखामुळे झाली. रेखा शेजारीण, सरकारी दवाखान्यात नर्स. दिवसभर तोंडाला मास्क, वरून आमची कोरडी थंडी. बिचारीचे ओठ फुटून रक्त यायचं. मंदाताई म्हणाली, "बाजारातलं काय लावतं वं? घरीच करू!"

मेळघाटातून मधमाशीचं मेण आणलं. उकळत्या पाण्यावर पातेलं ठेवून त्यात मेण, खोबरेल आणि थोडं तूप वितळवलं. मग ते पातेलं धरून थेट एवढ्याएवढ्याशा डब्यांत ओतलं. डब्यांत थोडं गेलं, ओट्यावर भरपूर. गॅसच्या शेगडीवर, फरशीवर, माझ्या नव्या गाऊनवर!

रेखा म्हणाली, "आमच्या ऑपरेशन थेटरात एवढा राडा होत नाही!"

*

राडा कमी व्हावा म्हणून रेखानं मेडिकलमधून मोठी, बिनसुईची सिरिंज आणली. पहिल्या डब्या अशा सुरेख भरल्या की विचारू नका. तेवढ्यात तिला फोन आला. ती बोलत बसली आणि इकडे मेण सिरिंजमध्येच गोठलं.

ती दाबतेय, दट्ट्या हलेना.

"जोर लाव वं!" मंदाताई ओरडली. "बाळंतिनीले जोर लाव म्हनतं ना तू रोज!"

रेखानं जोर लावला. गोळा सुटला तो दारात पेपर वाचत बसलेल्या माझ्या नवऱ्याच्या टकलावर! त्यांनी हात लावला, वास घेतला, आणि शांतपणे चोळून टाकला. "केस येतील का हो यानं?"

*

पुढं आम्ही उंच, बारीक नळ्या आणल्या. त्या सारख्या आडव्या व्हायच्या. मंदाताईनं परातीत तुरीची डाळ ओतली आणि नळ्या त्यात उभ्या खोचल्या. एकही हलली नाही! सांडलेले थेंब डाळीत. ओटा लख्ख.

डाळ मात्र टाकायची कशी? दुसऱ्या दिवशी ती कुकरमध्ये गेली. भाऊजी बडनेऱ्याहून रिटायर झालेले रेल्वेवाले, बोलणं मोजकं. दोन घास खाल्ले आणि म्हणाले, "आज वरन ओठाले चिकटून राहिलं."

"तूप हाय थे. खा गुमान."

हात धुऊन आले, ओठांवरून बोट फिरवलं. "मंदे, साबन लावला तरी निघून नाही राहिलं तुहं तूप!"

तेव्हापासून तिच्याकडे बामच्या डाळीची बरणी वेगळी असायची.

*

सगळ्यात सोपं काय, तर चहाची किटली! बारीक तोटी, धार सरळ. पण मेणाची किटली धुणं म्हणजे काय असतं, ते ज्याचं त्याला माहीत.

त्याच आठवड्यात अंजनगाव सुर्जीहून रेखाच्या मुलीला बघायला पाहुणे आले. चहा त्याच किटलीतून! कपावर चकचकीत तवंग. रेखाचा चेहरा पांढरा पडला. मुलाची आई एक घोट घेऊन थांबली, ओठांवर ओठ फिरवले. "चहात काय टाकता हो? ओठ कसे मऊ झाले!"

मंदाताई पापणीही न हलवता म्हणाली, "आमच्या इकडचं पानीच तसं हाय!"

लग्न जमलं. विहीणबाई अजूनही आल्या की आधी चहा मागतात.

*

अकोल्याच्या माझ्या नणंदेचा मे महिन्यात फोन आला. "वहिनी, तुमचा बाम पर्समध्ये पाघळला. मोबाईल, चष्मा, सगळे मऊ झाले!" मी पुढच्या खेपेला मेण वाढवलं. पुन्हा फोन. "हे ओठाले लावाचं का भिंतीले?"

मंदाताईनं माझ्या हातून फोन घेतला. "वन्सं, तुमच्या अकोल्यात मानूस पातळ होते, मेन तरी घट्ट राहू द्या!"

*

ती पुण्याला गेल्यानंतरची पहिली थंडी. ओतण्याची वेळ तिलाच कळायची. गॅस बंद करून ती पातेल्याकडे बघत बसायची, कडेला मेण जरासं धुरकट झालं की उचलायची. शेवटीशेवटी तर एक थेंब सांडत नसे. आम्हाला ते जमेना. म्हणून मसाल्याच्या डब्याला मोबाईल टेकवून व्हिडिओ कॉल लावला.

"थांबा... थांबा वं..." ती बघत होती. आणि नेटवर्क गेलं. आम्ही पातेलं धरून थांबलो. मेण पातेल्यातच गोठलं. स्क्रीनवर मंदाताई अर्धवट उघड्या तोंडानं तशीच. मी फोन बंद करायला हात पुढं केला.

रेखा म्हणाली, "राहू दे. असू दे तिले थोडा वेळ इथं."

मला रडू आलं. रेखालाही.

*

आणि हा किस्सा परवाचा.

घराच्या सौद्यावर सही करायला मंदाताई आली. गाडीतून उतरली ती थेट माझ्या स्वयंपाकघरात, पदर खोचून. "मेन हाय का?" नितीन दारातून म्हणाला, "आई, रजिस्ट्रीची वेळ ठरलीय हं." ती हो म्हणाली आणि गॅस पेटवला.

तिनं वितळवलं, तिनंच ओतलं. डब्या गोठल्या, झाकणं लागली. रेखानं पातेलं घासून पालथंसुद्धा घातलं. मग पिशवीभर डब्या तिच्या हातात दिल्या, पुण्याला न्यायला. तिनं पिशवी परत केली.

"काहून वं?" रेखानं विचारलं.

"तिथं ओठ उलतच नाही माहे. बोलाले कोनी तर पाहिजे!"

मी पिशवी ओट्यावर ठेवली.

बाहेर हॉर्न वाजला. "आई, चल ना! घर घेणारी माणसं तिकडे थांबलीत!"

मंदाताई खिडकीशी गेली. "थांब रे बापू," ती ओरडली, "मेन अजून वितळाचं हाय!"

रेखा उठली, धुतलेलं पातेलं उचललं आणि पुन्हा गॅसवर ठेवलं.