मागच्या पाइपातलं पाणी

सुनंदाताई गेल्याचं मला तिच्या कॉलेजच्या शिपायाने फोनवर सांगितलं. प्रयोगशाळेत, खुर्चीवर बसल्या बसल्या... महिना होऊन गेला. तेव्हापासून लोक तिच्याबद्दल गोड बोलताहेत आणि मला ते ऐकवत नाही.

ताई माझी थोरली बहीण. ठाण्यात रसायनशास्त्र शिकवायची. भाताच्या तुसाच्या राखेपासून तिने साबुदाण्याएवढे दाणे बनवले होते. त्यांतली छिद्रं डोळ्यांना दिसत नाहीत, पण पाण्यातले रंग, विषारी धातू त्यांत अडकून बसतात. उमेदीची सगळी वर्षं तिने त्यात घातली. खाडीवरच्या हिराबाई कोळीण तिला बाटलीत पाणी भरून आणून द्यायच्या. "बाय, जाल्यान म्हावरा नाय गावत, नुसता काला चिखल," असं त्या म्हणाल्या की ताई पुन्हा कामाला लागायची.

मानपाड्याच्या एका रंगाच्या कारखान्याने ते दाणे वापरायचं कबूल केलं. दाण्यांनी भरलेली उंच काचेची नळी बसली, फीत कापली, फोटो निघाले. काही महिन्यांनी ताई न कळवता तिथे गेली. मी सोबत होतो. नळीतून नितळ पाणी पडत होतं. नळीला जोडलेला पाइप धरत ताई मागे गेली, तर तो साध्या नळाला लावलेला. कारखान्याचं जांभळं पाणी मागच्या दुसऱ्या पाइपातून थेट नाल्यात चाललेलं.

"मॅडम, पाहुण्यांना दाखवायला लागतं ना काहीतरी," मॅनेजर हसत म्हणाला.

परतताना ताईने रिक्षा थांबवली आणि रस्त्याकडेला ओकली. "वासाने नाही रे," तोंड पुसत म्हणाली, "त्याच्या हसण्याने."

तिने प्रदूषण मंडळाकडे तक्रार केली. तपासणीचे साहेब आधी कळवून आले. त्या दिवशी मागचा पाइप कोरडा होता. ताई शेवटपर्यंत नमुने पाठवत राहिली.

शोकसभेला तोच मॅनेजर भलामोठा हार घेऊन आला. मॅडमचं स्वप्न पुढे नेऊ म्हणाला. मागून हिराबाई उठल्या. "पाइप बंद केलास काय?" मग चहा आला.

परवा कारखान्याचा माणूस नौपाड्याच्या घरी आला. ताईच्या नावाने पुरस्कार ठेवणार म्हणे. सवयीने मी पाणी आणायला आत गेलो. कुणालाही पाणी देण्याआधी ताई पेला खिडकीशी धरून उजेडात बघायची. मीही धरला. पाणी स्वच्छ होतं... ते मी मोरीत ओतलं आणि त्याला तसाच, तहानलेला, परत पाठवला.