मरोळच्या बाईंचा आवाज

लग्न होऊन मी अंधेरीला आले, तेव्हा मला रेडिओवर लागून दोन वर्षं झाली होती. सासऱ्यांनी पहिल्याच आठवड्यात विचारलं, “तिथे नेमकं काय करतेस?”

“पुढे काय लागणार आहे ते सांगते.”

ते म्हणाले, “ते लागल्यावर कळतंच की.”

तरी पुढे आणखी बरीच वर्षं मी तेच सांगत राहिले.

काम मात्र मला आवडायचं. दुपारचा महिलांचा कार्यक्रम माझ्याकडे होता. बाळंतिणीचा आहार, लोकरीचं विणकाम, मग एखादं भावगीत. उच्चार स्वच्छ हवेत, श्वास ऐकू येता कामा नये आणि खोकला आलाच तर गाणं सुरू होईपर्यंत धरून ठेवायचा. एवढं जमलं की कुणाची तक्रार नसे.

आमच्या घरापासून चालत पंधरा मिनिटांवर एक स्टुडिओ होता. म्हणजे पत्र्याची शेड होती, तिला स्टुडिओ म्हणत. तिथले एक निर्माते माहितीपट करायचे. माझा आवाज ऐकून ते एका संध्याकाळी घरी आले.

“देवीच्या लशीवर फिल्म केलीये,” ते म्हणाले. “निवेदन एक गृहस्थ करतायत. पण शेवटी एक बाई कॅमेऱ्याकडे बघून बोलते. तिचा आवाज तुम्ही द्यायचा.”

“तिचा स्वतःचा आवाज कुठे गेला?”

“शूटिंग मुकंच केलं. आवाजाचं मशीन बाहेर नेता येत नाही.”

बाहेरच्या कामाला रेडिओ केंद्राची परवानगी लागे. मी अर्ज दिला. “करा, कागद मागाहून येईल,” असं तोंडी उत्तर मिळालं. कागद आला तोवर फिल्म बऱ्याच ठिकाणी दाखवून झाली होती.

शेडमध्ये पडद्यावर ती बाई दिसली. मरोळची, कपाळाला मोठं कुंकू, कडेवर मूल. माझ्या हातातल्या कागदावर वाक्य होतं, “लस टोचून घेतली आणि आमच्या घरातली काळजी मिटली.” तिचे ओठ उघडले की सुरू करायचं, मिटले की संपवायचं. वरून विमान गेलं की सगळंच थांबायचं.

पहिल्या खेपेला निर्माते म्हणाले, “ही बाई शाळा तपासायला आल्यासारखी वाटते.” दुसऱ्या खेपेला म्हणाले, “आता बातमी वाटली. कुणीतरी गेल्याची.” सातव्या खेपेला ते “झकास” म्हणाले आणि चहा मागवला. पहिल्या आणि सातव्या खेपेत काय फरक होता, ते मला कळलं नाही.

मी एवढंच विचारलं, “ती मधेच हात का झटकतेय?”

“आनंदाने,” ते म्हणाले.

मरोळच्या शाळेत एका रविवारी सकाळी फिल्म दाखवली. खिडक्यांना चादरी लावून अंधार केला होता. मी सासऱ्यांना घेऊन गेले. बाई पडद्यावर बोलायला लागली तशा मागच्या बायका हसायला लागल्या. लशीत हसण्यासारखं काय आहे ते मला कळेना. संपल्यावर तीच बाई मूल घेऊन समोर आली. ती मूळची मालवणकडची, नवरा मरोळच्या दगडाच्या खाणीवर कामाला. निर्मात्यांनी ओळख करून दिली, “तुमचा आवाज यांनी दिला.”

तिने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. “मी असा बोलूक नाय.”

“मग काय बोललात?”

“ह्येंच्या मानसान माझी कोंबडी पायाक धरून उलटी केलेली. मी म्हटलंय, सोड तिका आधी, पाय मोडात तिचो.”

“कोंबडी सारखी कॅमेऱ्यापुढे येत होती,” निर्माते म्हणाले.

“बाईंचं बरोबर आहे,” सासरे म्हणाले.

मला हसू यायला हवं होतं, आलं नाही. इतकी वर्षं मी दुपारी बायकांना काय करावं ते सांगत होते. उलट बोलायची त्यांना सोयच नव्हती. ही पहिली.

“लस तरी घेतलीत ना?” मी विचारलं.

“घेतलंय. पोराकय दिलंय. पण तीन दिवस ताप इलो त्येका. तां आधी सांगूक होया, नायतर बायका घाबरतीत.”

परतताना मी निर्मात्यांना म्हटलं, वाक्य बदला. ते म्हणाले, मजकूर मंजूर झालाय. मी तीन वेळा त्यांच्या शेडवर गेले, तेव्हा नवा मजकूर मंजूर झाला. त्यात ताप येतो, घाबरू नका, असं होतं. रेकॉर्डिंगला मी त्या बाईंना बोलावून घेतलं. माझ्या शेजारी स्टुलावर बसून त्यांनी मला दोनदा अडवलं.

“हळू,” त्या म्हणाल्या. “कडेर पोर आसा तुमच्या.”

मग मी तसं बोलले. मूल कडेवर असलं की वाक्य मधेच तुटतं, श्वास लागतो, तो ऐकू येतो. तिसऱ्या खेपेला त्यांनी मान हलवली. निर्मात्यांना कुणी विचारलं नाही.

त्यानंतर असली कामं येत राहिली. रेडिओच्या पुढच्या कराराचा कागद आला तेव्हा मी सही केली नाही. सासरे म्हणाले, “आता काय सांगणार लोकांना?” मी म्हटलं, “दुसऱ्यांचं.” त्यांना ते पटलं असावं.

मग वीसेक वर्षं मी आवाज दिले. साबण वापरणारी सून, खत घेणारी शेतकरीण, पशुखाद्याच्या जाहिरातीत एकदा बोलणारी म्हैस. दर वेळी मी विचारायचे, जिचा आवाज द्यायचा तिला भेटता येईल का. बहुधा येत नसे. म्हशीला भेटता आलं. गोठा कांदिवलीलाच होता.